पोलादरावाच्या अंकावरचा लाल शब्द

खांबेट्यांच्या सौमित्रनं घर का सोडलं, ही बातमी पसरायला धायरीतल्या त्या सोसायटीला एक सकाळ पुरली. दुधाची पिशवी उचलता उचलता पद्मजाबाईंनी ती तळमजल्यावर सोडली आणि लोकांच्या अंघोळी उरकेपर्यंत ती गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचली होती. बातमी अशी: पोरानं स्वतः लिहून छापलेला पहिलावहिला अंक मोठ्या आशेनं बापाच्या हातात दिला. अंकाच्या शेवटी 'वाचकांचा अभिप्राय' म्हणून एक कोरं पान होतं. बापानं त्या पानावर लाल शाईत एकच शब्द लिहिला आणि अंक परत केला. तो वाचून पोरगा जो गेला, तो गेलाच.

शब्द कोणता, यावर मात्र एकमत नव्हतं. पद्मजाबाई म्हणायच्या 'भिकार'. दुसऱ्या मजल्यावरचे आनंद टिळेकर, निवृत्त बँकवाले, 'जाळा' असा होता म्हणून इतक्या खात्रीनं सांगत, की पेन त्यांनीच उसनं दिलं असावं. लिफ्टच्या कामाला येणाऱ्या माणसापर्यंत पोचेतो त्याचा 'निर्लज्ज' झाला. एका आवृत्तीत तर तो शब्द संस्कृत होता, आणि त्याचा अर्थ लागायला पोराला दोन दिवस गेले, म्हणून तो मंगळवारी न जाता गुरुवारी गेला.

यातलं काहीही कुणाला अशक्य वाटलं नाही, कारण दिगंबर खांबेट्यांना सगळे ओळखून होते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. अंगानं काटकुळे, बोलणं तोडकं, शर्टाच्या खिशाला लाल शाईचा डाग, तो बायकोनं कितीदा घासला तरी जायचा नाही. निवृत्त झाले, पेठेतली भाड्याची जागा सोडून धायरीला आले, पण हात थांबला नाही. पद्मजाबाई मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेल्या तेव्हा यांनी दारातच उभं राहून ती तपासली, सहा खुणा केल्या आणि परत दिली. वर म्हणाले, "छापून झाल्या नसतील तर बरं." तीनशे छापून झाल्या होत्या. पेढ्याचा पुडा पद्मजाबाईंनी तसाच परत नेला. त्यांच्या तोंडून जे काही बाहेर पडलं त्यात या पुड्याचा वाटा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दिगंबरपंतांची कामाची एक रीत होती. छापखान्यातले वरिष्ठ नागोराव यांनी पहिल्याच दिवशी त्यांना एक जुनं पोस्टकार्ड दिलं होतं. मधोमध ब्लेडनं एक लांबट खाच पाडलेली, एक ओळ दिसेल एवढीच. ते प्रुफावर ठेवायचं आणि पानाच्या शेवटच्या ओळीपासून वर वर सरकवत जायचं.

"उलटं का?" कोवळ्या दिगंबरनं विचारलं होतं.

"सुलटं वाचलंस की गोष्टीत शिरशील," नागोराव म्हणाले. "गोष्टीत शिरलास की मेलास. डोळा पुढं काय होतं ते बघायला धावतो आणि चूक मागं राहते. गोष्ट वाचायला गिऱ्हाईक आहे रे. तू अक्षर बघ."

दिगंबरनं अक्षर बघितलं. कादंबऱ्या, पंचांगं, श्राद्धाची पोथी, गॅस-शेगडीचं माहितीपत्रक, सगळं त्या खाचेतून खालून वर गेलं. त्यांच्या हातून सुटलेली चूक दाखवणाऱ्याला मालक चहा पाजायचे, आणि चाळीस वर्षांत असे चहा चार झाले. पंतांना त्या चारही चुका पानासकट पाठ होत्या.

याच छापखान्यात मुलांचं एक साप्ताहिक छापलं जायचं. ते बंद पडूनही आता जमाना झाला. त्याच्या मधल्या चार पानांत पोलादरावाची चित्रकथा असायची. छातीचा कोट लोखंडी, मिशा लोखंडी, आणि सात कोसांवरून कुणी हाक मारली तरी ऐकू येणारे कान. 'हाक मारा, पोलाद हजर!' हे त्याचं पालुपद. बुडणाऱ्याला काढायचा, पडणाऱ्याला झेलायचा, शेवटच्या चौकटीत मुलांना दात घासायला सांगायचा. छापून आलेला पहिला गठ्ठा सुटला की दिगंबरपंत एक अंक घरी आणत. सौमित्र त्यावरच वाचायला शिकला. चड्डीची नाडी तोंडात धरून पोरगा बापाला विचारायचा, "बाबा, पुढच्या अंकात काय होतं?"

पुढच्या अंकाची प्रुफं बापानं त्याच दिवशी तपासलेली असायची. तो म्हणायचा, "सांगायचं नसतं."

काय रुबाब वाटायचा पोराला! उभ्या महाराष्ट्रात पोलादरावाचं पुढं काय होणार हे माहीत असलेली तीन माणसं: लिहिणारा, चित्रं काढणारा आणि आपले बाबा. शाळेत तो हे सांगायचा, आणि त्या जोरावर त्याला खिडकीची जागा मिळायची.

तोच पोरगा तिसाव्या वर्षी, हिंजवडीत नोकरी करता करता, पोलादराव पुन्हा लिहायला बसला. मूळ लिहिणारे केव्हाच वारले होते. चाहत्यांनी आवडत्या नायकाला घेऊन आपली गोष्ट रचायची, अशी हल्ली पद्धतच आहे. त्याच्या कंपनीतल्या मैत्री कांबळे हिनं चित्रं काढली, काळ्या शाईनं, इतकी गच्च की पान हातात धरलं तर बोट काळं व्हावं. नाव ठेवलं 'गंज'. अंक पहिला, चोवीस पानं, शंभर प्रती.

या अंकातला पोलादराव म्हातारा आहे. सिंहगड रस्त्याच्या आत कुठंतरी एका फ्लॅटमध्ये, रेक्झिनच्या खुर्चीत बसून असतो. गुडघ्यांवर गंज चढलाय. तो कानस घेऊन दिवसभर गुडघे घासत बसतो आणि पडलेला भुगा मोजून डबीत भरतो. हाका अजून येतात. तो ऐकतो. उठत नाही.

चौदाव्या पानावर एक तरुण आहे. रोज सकाळी साडेसातला आईनं दिलेला डबा घेऊन दुचाकीवर निघतो. कंपनीनं त्याला काढून टाकलंय, गळ्यातलं कार्ड फाटकावर चालत नाही, पण घरी सांगायची हिंमत नाही. मग तो पुलाखाली बसतो, एक वाजता डबा खातो, सातला घरी येतो. आई विचारते, "भाजी पुरली का?" शेवटच्या चौकटीत तो उड्डाणपुलाच्या कठड्याला धरून उभा आहे आणि पोलादरावाला हाक मारतोय. खुर्चीतला पोलादराव कानस थांबवतो, कान टवकारतो आणि म्हणतो, "उच्चार स्पष्ट नाही."

अंक बाहेर आला तेव्हा सौमित्रची नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. त्याची आई, हेमाताई, रोज सकाळी त्याला डबा देत होत्या.

अभिप्राय आले. पुण्यात अभिप्रायाला तोटा कधीच नसतो. एका हौशी मेळाव्यात टेबल मांडून पोरांनी अंक विकले आणि आठवड्याभरात सतरा अभिप्राय जमले. कुणी पान फाडून आणून दिलं, कुणी फोनवर लिहून पाठवलं, ते सौमित्रनं कागदावर छापून घेतलं. सगळे त्यानं फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावले. त्यातले काही सांगण्यासारखे आहेत.

'भावा, कडक. पण यार, पोलादरावला एकदा तरी उडताना दाखव ना.'

'चित्रे उत्तम. मजकूर वाचलेला नाही.'

'आमच्या लहानपणी पोलादराव दात घासायला सांगत असे. आपल्या पोलादरावाची स्वतःची दाढी वाढलेली आहे. आपण आमचे बालपण नासवले. कळावे.' हे आनंद टिळेकर. दोन मजले चढून स्वतः देऊन गेले, आणि पोहे खाऊन गेले.

'ब्रो, इतका डार्क कंटेंट? आर यू ओके? हा हा.'

'पान १४ वरचा मुलगा कोण? त्याचा कथेशी संबंध लागत नाही. पानांची जुळणी चुकली आहे काय?'

सतरा माणसांनी अंक चाळला. पान चौदावर तिघं अडखळले. त्यातल्या एकानं विचारलं, ते जुळणीबद्दल.

फ्रिजच्या दारावर मधोमध सौमित्रनं एक जागा मोकळी सोडली होती. कुणासाठी, ते घरात सगळ्यांना कळत होतं. हेमाताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना छापील अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्या नवऱ्याच्या मागं लागल्या.

"अहो, वाचलात का त्याचा अंक?"

"हातात घेतलाय."

"काय लिहिलंय हो पोरानं?"

"बरंच अशुद्ध आहे."

"ते नव्हे. गोष्ट काय आहे?"

"होऊ दे तरी पुरं," पंत म्हणाले आणि पोस्टकार्ड एक ओळ वर सरकवलं.

चार दिवस ते काम चाललं. सौमित्र सातला घरी आला की बुटाची नाडी सोडता सोडता आधी बापाच्या टेबलाकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "बाबा, कितव्या पानावर आहात?"

"नववं."

पोराला वाटलं, अजून पाच पानं. त्याला कुठं ठाऊक, की बाप चोविसाव्या पानावरून निघाला होता आणि चौदावं पान आदल्याच दिवशी मागं पडलं होतं. नववं पान ऐकून तो जेवला नीट. आईनं वाढलेली दुसरी पोळीही घेतली. दोन दिवसांत बाबांना कळेल, मग ते बोलतील किंवा ओरडतील, पण कळेल तर खरं. एवढ्या एका आशेवर त्याची ती रात्र गेली.

मंगळवारी सकाळी टेबलावर अंक होता. तीनशे बारा लाल खुणा. शेवटच्या पानावर तो एक शब्द, त्याखाली तारीख. सौमित्रनं पानं पुढून मागं उलटली, मग मागून पुढं. चौदाव्या पानावर अकरा खुणा होत्या. त्यानं अंक पिशवीत टाकला, डबा घेतला, साडेसातला निघाला आणि सातला परत आला. बुधवारीही तसंच. गुरुवारी डबा ओट्यावर तसाच राहिला.

चौकीवर तक्रार झाली. सोसायटीतल्या बायका एकेक करून हेमाताईंजवळ बसून गेल्या, आणि प्रत्येकीनं जाता जाता फ्रिजच्या दाराकडे नजर टाकली. नोकरी गेल्याचं मैत्रीनं सांगितलं. दारात चप्पल काढून उभी राहिली, आत यायला तयार नव्हती.

"काका, मला वाटलं तुम्हाला माहितीये. म्हणजे, त्यानं सगळं लिहिलंच होतं की."

"कुठं?" दिगंबरपंतांनी विचारलं.

मैत्रीनं त्यांच्याकडे बघितलं. आपल्याजवळचा अंक तिनं हेमाताईंच्या हातात ठेवला आणि ती जिना उतरून गेली.

नवव्या दिवशी पोराचा फोन आला, आईला. हडपसरला एका गोदामात आहे, पार्सलं बांधायचं काम आहे, चार जण मिळून राहतो, जेवतो. शोधू नका.

दिगंबरपंत दोन बस बदलून गेले. गोदामाच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. दुपारच्या सुट्टीत सौमित्र बाहेर आला. दाढी वाढलेली, बोटांना चिकटपट्टीचा डिंक. बापाला बघून तो दचकला नाही. दोन चहा सांगितले.

"आई बरी आहे?"

"डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, सोमवारचं."

"थेंब वेळेवर घाला म्हणावं."

चहा निम्मा झाला. शेवटी पंतांनी घसा साफ केला. "तुला राग आला का? माझ्या खुणांचा?"

"राग कसला," सौमित्र म्हणाला. "बाबा, एक सांगा. पान चौदा."

"अकरा दुरुस्त्या," पंत ताबडतोब म्हणाले. "त्यातल्या दोन गंभीर. तिसऱ्या चौकटीत शाई फुटलेली आहे."

"पण त्या पानावर आहे काय?"

टपरीवाल्यानं पातेल्यात पळी आपटली.

"पोलादराव आहे," ते म्हणाले.

"तो सगळ्याच पानांवर आहे, बाबा."

सौमित्र हसला. ते हसू बघून टपरीवाल्याला वाटलं असेल, बापलेकाचं काय छान चाललंय. "लहानपणी मी विचारायचो, पुढच्या अंकात काय होतं. तुम्ही म्हणायचात, सांगायचं नसतं. अख्ख्या वर्गाला सांगायचो मी, माझे बाबा केवढं गुपित सांभाळतात म्हणून." त्यानं पेला खाली ठेवला. "तेव्हाही माहीत नव्हतं ना तुम्हाला?"

दिगंबर खांबेटे आयुष्यात खोटं फारसं बोलले नव्हते, कारण बोलायचेच कमी. "नव्हतं," ते म्हणाले.

आत भोंगा झाला. सौमित्र उठला. पंतांनी पाठीमागून विचारलं, "दुसरा अंक कधी?"

"पहिलाच अजून कुणी वाचला नाही," पोरगा म्हणाला आणि फाटकातून आत गेला.

हेमाताईंचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर नव्या डोळ्यानं त्यांनी पहिली गोष्ट केली ती मैत्रीनं दिलेला अंक वाचण्याची. खिडकीशी बसून चोवीस पानं वाचली. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि कितीतरी वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

"काय आहे गं चौदाव्या पानावर?" दिगंबरपंतांनी विचारलं.

"मी नाही सांगणार."

"अगं, पण..."

"सांगायचं नसतं," हेमाताई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला दिलेला हा सगळ्यात कडक जबाब. "वाचा तुम्ही. वरून खाली वाचा." आणि ते खाचेचं पोस्टकार्ड नि लाल पेन त्यांनी तांदळाच्या डब्यात तळाशी घालून टाकलं.

वाचणं म्हणजे काय असतं ते दिगंबरपंतांना अडुसष्टाव्या वर्षी शिकावं लागलं. दुसऱ्याच ओळीत चूक भेटायची, नजर तिथं अडायची, गोष्ट हातातून निसटायची. पेन नाही म्हणून ते अंगठ्याच्या नखानं समासात ओरखडा काढायचे. पुन्हा पहिल्या ओळीपासून. दिवसाला दोन पानं, कधी एकच. हेमाताई समोर भाजी निवडत बसायच्या.

तो अंक पुढं पद्मजाबाईंच्या दृष्टीला पडला, विरजण मागायला आल्या होत्या तेव्हा. हेमाताई आत वाटी शोधेपर्यंत त्यांनी तो चाळून घेतला. त्यांच्यावर तेवढा विश्वास ठेवायला हरकत नाही. तेरा पानांच्या समासात नखाचे ओरखडेच ओरखडे. चौदाव्या पानावर एकही नाही. चुका तिथंही अकरा होत्या. त्याच्या पुढच्या दहा पानांवरही काही नाही. त्या दिवशी पद्मजाबाई विरजण न घेताच घरी गेल्या, आणि सोसायटीत त्यांनी याची बातमी केली नाही. का, ते त्यांनाच माहीत.

दिगंबरपंतांनी अभिप्राय लिहिला. चार फुलस्केप पानं, निळ्या शाईत. पाच दिवस लागले. मग पुन्हा दोन बस बदलून हडपसरला गेले. फाटकावरच्या रखवालदारानं नाव ऐकून मान हलवली. "वो तो गया, काका. दस दिन हो गये. बाहर का काम मिला, नागपूर साइड." पत्ता कुणाकडे नव्हता. नंबर बदललेला. टपरीवाल्यानं मात्र त्यांना ओळखलं. त्यानं न सांगता दोन चहा आणून ठेवले, मग चूक लक्षात आली तसा एक उचलून नेला.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन येतो, दरवेळी निराळ्या नंबरावरून. हेमाताई बोलतात. दिगंबरपंत शेजारी खुर्ची ओढून बसतात, शर्ट बदलून. शेवटी हेमाताई म्हणतात, "बाबांना बोलायचंय रे."

"पुढच्या वेळी, आई." फोन बंद.

असे चौदा रविवार झाले. ती चार पानं फ्रिजच्या दारावर आहेत, सतरा अभिप्रायांच्या मधल्या मोकळ्या जागेत, चुंबकाखाली. कडा पिवळ्या पडायला लागल्या आहेत. दिगंबरपंत पाण्याची बाटली काढायला जातात तेव्हा ती वाकडी झालेली असली तर सरळ करतात.

आणि तो लाल शब्द. अभिप्रायाच्या पानावर लाल शाईत एकच शब्द होता, हे खरं आहे. तो शब्द 'भिकार' नव्हता, 'जाळा' नव्हता, संस्कृतही नव्हता. काम संपलं की चाळीस वर्षं प्रत्येक प्रुफाखाली ते लिहीत तोच तो होता: 'तपासले'. अंक त्यांनी वाचलेला नव्हता.